ठकीला नेमकं काय होतंय

आमच्या ह्यांचा आवाज अख्ख्या गावाला पाठ आहे. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून हे माईकवरून गाड्या पुकारतात. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाचं पाकीट सापडलं, कुणाचे आजोबा भलत्याच गाडीत चढून बसले, सगळं कसं खणखणीत. स्टँडवरचे लोक ह्यांना भोंगा म्हणतात. ह्यांना त्याचा राग येत नाही, उलट छाती फुगते. तर ह्या भोंग्याला आपल्या चार वर्षांच्या पोरीला नेमकं काय होतंय, एवढं डॉक्टरांना सांगता आलं नाही. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि सांगता सांगता माझं डोकं तापलं तर तापू दे.

ठकी आमची एकुलती एक. त्या दिवशी सकाळी तिला आंघोळ घालत होते तर म्हणाली, "आई, शू करताना जळतं." बघितलं, तर शूच्या जागेची कातडी दोन्ही बाजूंनी एकमेकींना चिकटलेली. आधी अशी नव्हती. ह्यांना हाक मारली. हे न्हाणीच्या दारापर्यंत आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी सांगितलं काय झालंय ते. ह्यांचे कान लालबुंद. "बरं बरं, बघू," म्हणाले आणि वाळलेला टॉवेल पुन्हा वाळत घालायला निघून गेले.

मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, हे आमचं रोजचं. चांगले मिशीवाले बाप्ये येऊन सांगतात, "बाई, खाली बसलं की इथून फाटते हो," आणि बोटानं दाखवतातही. त्यांना लाज नाही आणि मलाही नाही, काम म्हणजे काम. पण त्याच आठवड्यात दुकानात शाळेच्या गणवेशांचा डोंगर पडला होता आणि मालकीणबाई रजेचं नाव काढू देत नव्हत्या. ह्यांना सुट्टी होती. शिवाय बसवाल्यांचा स्वतःचा दवाखाना आहे. तिथली पद्धत अशी, की कर्मचाऱ्यानं खिडकीवर उभं राहून कुणाला काय होतंय ते सांगायचं, मग आतून बोलावणं येतं. म्हटलं, जा घेऊन. काय सांगायचं ते ह्यांच्याकडून घोकून घेतलं. हे माना डोलावत होते, मला वाटलं झालं काम.

संध्याकाळी घरी आले तर बगलेत सोनोग्राफीचा भलामोठा लखोटा.

"अगं बाई! ठकीची सोनोग्राफी करायला लावली?"

"ठकीची नाही."

"मग कुणाची?"

"माझी."

मला वाटलं माझीच चेष्टा चाललीय. मग हळूहळू एकेक बाहेर पडायला लागलं. खिडकीवरच्या कारकुनाला काचेमागून ओरडायची सवय. "कुणाला काय होतंय?" असं तो गरजला. ह्यांच्या मागं रांगेत सगळे ओळखीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. ह्यांनी घसा खाकरला. मागून कुणीतरी म्हणालं, "बोला भोंगा, जरा मागंपर्यंत ऐकू येऊ द्या." झालं, ह्यांची बोबडी वळली. तोंडातून निघालं ते असं: "मला. लघवीला जळजळ होतेय." म्हणे, आत गेल्यावर डॉक्टरांना खरं काय ते सांगणार होतो. आत गेले, तर डॉक्टरांच्या बाजूला एक शिकाऊ डॉक्टरीण उभी. तरुण मुलीसमोर कसं बोलणार? म्हणून आतही तेच दामटलं. डॉक्टरांनी ह्यांचं पोट दाबलं, झोपेतून किती वेळा उठावं लागतं ते विचारलं आणि बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यायला लावून सोनोग्राफीला धाडलं. हे मांड्या आवळून बाकावर बसले होते आणि ठकी शेजारी बिस्किटं खात होती. जिला त्रास तिच्या हातात बिस्किट, आणि ज्याला काही नाही तो मशीनखाली आडवा.

"मग, निघालं का काही?" मी दात ओठ खात विचारलं.

"थोडी सूज आहे म्हणाले. वयोमानाप्रमाणे. बसून काम आहे ना माझं."

मी कपाळावर हात मारून घेतला. पुढचा आठवडाभर हे इमानेइतबारे त्या गोळ्या घेत होते आणि वर मलाच सांगत होते, की बरंच बरं वाटतंय.

आता नणंदबाईंबद्दल सांगते. ह्यांची मोठी बहीण, मागच्या गल्लीत राहतात. ह्यांना लहानपणी त्यांनीच सांभाळलं, त्यामुळं आजही त्या आल्या की हे पाय जवळ घेऊन बसतात. ह्यांनी त्यांच्याकडे तोंड उघडलं, पण म्हणाले काय, तर "ठकीचं जरा नाजूक आहे." त्यावरून त्यांनी काय तर्क केला देव जाणे. आल्या त्या तोंडाला पदर लावूनच. पहिलं काम काय केलं असेल, तर घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. उकाड्यानं जीव चाललाय, घामाच्या धारा लागल्यात, आणि आम्ही चौघं बंद घरात कुजबुजतोय. मी त्यांना नीट सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाहेर कुणाला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "मुलीची जात आहे. उद्या लग्न व्हायचंय तिचं."

"ताई, उद्या तिची बालवाडी आहे."

"तुला सगळं हसण्यावारीच न्यायचं असतं. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगणार आहेस?"

मी म्हटलं, शेजारी कशाला विचारतील? पण नणंदबाईंची तयारी पक्की होती. दात. ठकीचा दात किडलाय, म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या. ठकीला समोर उभं करून त्यांनी शिकवलं, "कुणी विचारलं कुठं दुखतंय, तर काय सांगायचं? दातात. सांग बघू." ठकीनं सांगितलं. "शाब्बास! आणि ते दुसरं कुणापाशी बोलायचं नाही, बरं का. ते घाण असतं. आपल्याला लोक नावं ठेवतील." मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "ताई म्हणते ते बरोबर आहे, उगाच गवगवा कशाला?" मी गवगवा कधी केला होता, ते मला अजून कळलेलं नाही.

तो दात मग सगळ्या गल्लीत गाजला. शेजारच्या काकू लवंगेचं तेल घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गोड बंद करायला सांगितलं आणि ठकीच्या तोंडचं चॉकलेट काढून घेतलं. बालवाडीच्या बाईंनी तर तिचा आ करून सगळं तोंड तपासलं आणि मला म्हणाल्या, "दात तर मोत्यासारखे आहेत हो हिचे." मी म्हटलं, आतून किडलाय. दुसरं काय म्हणणार?

आणि इकडं पोरगी सुकत चालली होती. जेवायची नाही, चिडचिड करायची, कोपऱ्यात पायाला पाय लावून उभी राहायची. "शू लागलीय का?" विचारलं की मान हलवून नाही म्हणायची. मग थोड्या वेळानं चड्डी ओली, आणि वर ढसाढसा रडायची. चार वर्षांची माझी पोर, जी कालपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यालाही आपली गाऱ्हाणी सांगायची, ती गप्प झाली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नणंदबाईंनी एक सर्जन शोधून काढला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारण तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. दवाखाना मात्र चकाचक, गार हवा, भिंतीवर त्यांचीच हार घातलेली मोठमोठी छायाचित्रं. त्यांनी ठकीला टेबलावर घेतलं, लांबून एकदा बॅटरी मारली आणि हात धुतले. हात कशाला धुतले कुणास ठाऊक, लावला तर नव्हताच. मग खुर्चीत टेकून ह्यांच्याशी बोलायला लागले. माझ्याशी नाही, ठकीशी तर मुळीच नाही.

"छोटंसं काम आहे. झोपेचं औषध देऊ, मोकळं करून टाकू. सकाळी या, संध्याकाळी घरी."

"पण करायलाच हवं का?" मी विचारलं.

ते ह्यांच्याकडं बघून हसले. "आई जरा घाबरट दिसतात."

"कशामुळं झालं हे? आणि तिला जळजळ कशानं होते? काही तपासायला नको का?"

"ताई, तुम्ही नका डोक्याला त्रास करून घेऊ. लहानपणीच उरकलेलं बरं. तिच्या लक्षातही राहणार नाही आणि कुणाला कळणारही नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि नणंदबाईंचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांचंच ऑपरेशन फुकटात होणार होतं. तिथल्या तिथं दिवस ठरला, पुढचा सोमवार. मी नाही म्हटलं. घरी येईपर्यंत आणि घरी आल्यावरही नाहीच म्हटलं. नणंदबाई म्हणाल्या, "आई आहेस की वैरीण?" हे म्हणाले, "अगं, एवढे मोठे डॉक्टर आहेत." मी म्हटलं, मोठे असतील, पण माझ्या पोरीला त्यांनी एक शब्द विचारला नाही. ह्यांनी त्यावर काय म्हणावं? "अगं पण तिला काय विचारायचं?"

शनिवारी मी मालकीणबाईंना न विचारता दांडी मारली, गणवेश गेले खड्ड्यात. सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या विभागात एक वयस्क डॉक्टरीणबाई बसतात, चिडक्या म्हणून प्रसिद्ध. गर्दी ही एवढी, पोरं किंचाळतायत, पंखा फिरतोय नावापुरता. आमची पाळी आली. बाईंनी विचारलं, काय होतंय? मी खोलीतल्या नर्ससकट सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की शू करताना जळतं आणि शूच्या जागेची कातडी चिकटलीय. छत कोसळलं नाही. नर्सनं वरही बघितलं नाही, ती आपली इंजेक्शनं मोजत होती.

बाईंनी खुर्ची ओढून ठकीसमोर घेतली. "नाव नंतर सांग. आधी सांग, कुठं दुखतंय?"

ठकीनं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि गालावर बोट ठेवलं. "दातात."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी सगळी हकिगत सांगितली. दात सांगितला, लवंगेचं तेल सांगितलं, ह्यांची सोनोग्राफी सांगितली, तेव्हा मात्र नर्सनं मोजणं थांबवलं आणि तोंड फिरवून खांदे हलवत बसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या ठकीला म्हणाल्या, "हे बघ, हात, पाय, नाक असतं ना? तशीच ती शूची जागा. घाण नसते. दुखलं तर आईला सांगायची असते, डॉक्टरला सांगायची असते. मी आईसमोर एकदा बघू का? नको असेल तर नको म्हण." ठकीनं बराच वेळ विचार केला. मग माझं बोट घट्ट धरून हो म्हणाली. एका मिनिटात बघून झालं.

"पुस्तकात याला भारी नाव आहे, ते तुम्हाला नको," बाई मला म्हणाल्या. "लहान मुलींत होतं हे, पुष्कळजणींत. कातडी नाजूक असते, जरा चुरचुरली की चिकटते. बहुतेक वेळा वाढत्या वयात आपली आपण सुटते. हिला थोडा त्रास आहे म्हणून मलम देते, मी दाखवते तसं अलगद लावा. ओढायचं नाही, ताणायचं नाही. ऑपरेशन कुणी सांगितलं?"

मी सर्जनचं नाव सांगितलं. बाईंनी हातातला पेन टेबलावर आपटला.

"पण जळजळ एवढी का?" लघवी तपासून आली तेव्हा त्यांनी परत ठकीलाच विचारलं. "तू शू दाबून धरतेस का गं? पाणी पितेस?"

ठकी इतक्या हळू बोलली, की बाईंना वाकावं लागलं. "पाणी नाही पीत. पाणी प्यायलं की शू येते. मग सगळ्यांना कळेल."

तेव्हा मी रडले. लाजबीज सोडून, तिथंच, इंजेक्शनांच्या ट्रेशेजारी. पोरीला जंतुसंसर्ग झाला होता. कातडीनं जेवढं केलं नव्हतं, तेवढं आमच्या कुजबुजण्यानं करून ठेवलं होतं. चार वर्षांचं लेकरू तहान दाबून बसलं होतं, नणंदबाईंची अब्रू सांभाळत.

सोमवारचं ऑपरेशन रद्द करायचं काम मी मुद्दाम ह्यांच्यावर सोपवलं. फोन लावला, घसा खाकरला आणि त्या सर्जनला म्हणाले काय, तर "घरी पाहुणे येणार आहेत." मी फोन हिसकावून घेतला आणि खरं काय ते सांगितलं. ते काय म्हणाले ते मी इथं सांगत बसत नाही.

औषधानं जळजळ थांबली, मलमानं बाकीचं सुटत आलं. ठकी पाणी प्यायला लागली, पुन्हा कुत्र्याशी बोलायला लागली. न्हाणीत बसून ती मोठमोठ्यानं "हात, पाय, नाक, शूची जागा" म्हणायची आणि बाहेर हे पेपर वाचता वाचता खोकायचे. बरं चाललं होतं. मधल्या काळात नणंदबाई रुसून आल्या नव्हत्या, त्यामुळं आणखीनच बरं चाललं होतं.

रुसवा संपला तो एका रविवारी. आल्या, बसल्या, मी चहा दिला. हे पाय जवळ घेऊन बसलेच. गप्पा सुरू झाल्या, कोण आजारी आहे, कुणाचं कुठं जमलं, नेहमीचं. इतक्यात ठकी खेळता खेळता आतून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "आई, शूच्या जागी जळतंय."

माझी पोर आपणहून बोलली! दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, कुणी न विचारता. मला एकीकडं काळजी वाटली आणि दुसरीकडं तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

"शूऽऽ!" नणंदबाईंनी कपबशी खाली आदळली. "असं बोलतात का? बाबा बसलेत ना समोर! काय शिकवलंय हे पोरीला?"

ह्यांनी पेपर वर केला, पार डोक्याच्या वरपर्यंत. ठकीनं आत्याकडं बघितलं. मग त्या पेपरकडं बघितलं. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक, मला तो फार वाटला.

"काही नाही," ती म्हणाली. "दात दुखतोय."

आणि आत निघून गेली.

मी मागोमाग गेले. ठकी न्हाणीत दाराच्या मागं उभी होती, पायाला पाय लावून. मी खाली बसले, तिला जवळ घेतलं. म्हटलं, सांग राणी, कुठं जळतंय? ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा विचारलं. तिनं माझ्या कानाला तोंड लावलं.

"आत्या गेली?"

"गेली," मी म्हणाले.

मग तिनं सांगितलं. फार काही नव्हतं, खेळताना घाम येऊन चुरचुरत होतं. पण सांगितलं सगळं, कुठं, कसं, कधीपासून. मी पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, मलम लावलं, आणि तिला तिथंच बाहुली देऊन बसवलं. म्हटलं, आलेच.

बाहेर आले. पेपर अजून वरच होता. मी तो ह्यांच्या हातातून काढून घेतला आणि घडी करून ठेवला. मग नणंदबाईंपुढची अर्ध्या चहाची कपबशी उचलली.

"ताई, उठा," मी म्हटलं. "मी आत ठकीला सांगून आलेय की तुम्ही गेलात, आणि माझ्या पोरीशी मी खोटं बोलत नाही."